नरकाची मुदत आणि नगरचा मिशनरी

१८८६ सालच्या ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेतील आयोवा राज्यात, डी मॉइन या शहरी, 'अमेरिकन बोर्ड' या मिशनरी संस्थेची वार्षिक सभा भरली होती. मिशनरी संस्थांच्या सभांत वाद होतात ते बहुधा पैशावरून किंवा पदांवरून. या सभेतली खडाजंगी मात्र निराळ्याच प्रश्नावर झाली. ख्रिस्ताचे नावही कानी न पडता जे मेले, त्यांना मृत्यूनंतर एखादी संधी मिळत असावी असे ज्याला वाटते, त्या माणसाला मिशनरी म्हणून परदेशी पाठवावे काय? या प्रश्नापायी ज्यांचे परतणे लांबणीवर पडले होते, ते गृहस्थ आपल्या शेजारच्या जिल्ह्यातले होते. अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम.

ह्यूम हे केवळ कामापुरते या प्रांतात आलेले नव्हते. त्यांचा जन्मच मुंबईचा, १८४७ सालचा. आईवडीलही मराठी मुलखात काम करणारे मिशनरी. अमेरिकेत शिक्षण पुरे करून १८७४ मध्ये ते नगरला आले आणि १८७८ मध्ये त्यांनी तेथे धर्मोपदेशक घडविणारी शाळा सुरू केली. १८८५-८६ च्या सुमारास ते रजेवर मायदेशी गेले असता, आपल्या जुन्या अ‍ॅन्डोव्हर विद्यापीठातील प्राध्यापकांच्या नव्या मताविषयी त्यांनी जाहीर सहानुभूती दाखविली. बोर्डाच्या कार्यकारी समितीने त्यांच्या परतीला संमती देणे पुढे ढकलले.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाने नरकाच्या वाटेला का जावे, असे काही वाचक म्हणतील. पण दंड, परतफेड, मुदत आणि मोबदला हे शब्द आमच्याच पेढीवरचे आहेत. धर्मशास्त्राने ते उसने घेतले. शिवाय या वादाच्या तळाशी एक दुष्काळ आहे, आणि दुष्काळ या विषयाला धाराशिव जिल्ह्यातील माणूस परका राहू शकत नाही.

वाद समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. मृत्यूनंतर दुष्टांचे काय होते, या प्रश्नाला ख्रिस्ती परंपरेत स्थूलमानाने तीन उत्तरे दिली गेली. पहिले, बहुसंख्यांचे उत्तर असे की त्यांना अनंतकाळ यातना भोगाव्या लागतात. पाचव्या शतकात ऑगस्टीनने 'देवनगरी' या ग्रंथात याचे सविस्तर समर्थन केले आणि पश्चिमेकडील चर्चने ते प्रमाण मानले. दुसरे उत्तर असे की दुष्टांचा अखेर समूळ नाश होतो. आत्मा स्वभावतः अमर नसतो, अमरत्व ही देवाची देणगी आहे, आणि ज्याने ती नाकारली तो दिवा विझावा तसा विझतो. तिसरे उत्तर तिसऱ्या शतकातील ओरिजेनचे: शिक्षा ही शुद्धीसाठी असते आणि शेवटी सर्वांचाच उद्धार होतो. हे मत पुढे पाखंड ठरले.

गंमत अशी की पहिल्या दोन्ही पक्षांना आधार एकाच ग्रंथाचा. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाचे वर्णन आहे. तेथे नीतिमानांच्या जीवनाला आणि इतरांच्या शिक्षेला मूळ ग्रीकमध्ये एकच विशेषण लावलेले आहे आणि मराठी बायबलमध्येही दोन्हीकडे 'सार्वकालिक' हाच शब्द येतो. एक पक्ष म्हणतो, जीवन जर अंतहीन तर शिक्षाही अंतहीनच. दुसरा पक्ष त्याच शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायाकडे बोट दाखवितो. तेथे शरीर आणि आत्मा या दोहोंच्या नाशाची भाषा आहे. शिक्षा कायमची याचा अर्थ तिचा परिणाम कायमचा, भोग कायमचा नव्हे, असे त्यांचे म्हणणे. फाशी ही काही मिनिटांची, पण तिच्यातून परत येणे नाही.

आपल्याकडील वाचकाला यातले दुसरे मत अधिक चमत्कारिक वाटेल. आत्मा अमर आहे हे आपण गृहीतच धरतो. चार्वाक सोडला तर आपल्याकडे तो विझतो असे म्हणणारे फारसे कोणी नाही. मग अनंत नरकाची कल्पना आपल्याला तितकीच परकी का वाटते? उत्तर सोपे आहे. अमर आत्मा आणि एकच जन्म या दोन कल्पना एकत्र आल्या की अनंत नरक जन्माला येतो. चुकलेला आत्मा मरत नाही आणि त्याला दुसरी संधीही नाही. मग त्याला कोठे तरी कायमचे ठेवावेच लागते. आपण पुनर्जन्म मानून दुसरे कलम रद्द केले; विनाशवाद्यांनी पहिले.

यातून भाषेचा जो घोटाळा झाला तो मोठा मनोरंजक आहे. यरुशलेमजवळील हिन्नोमच्या खोऱ्यावरून आलेल्या 'गेहेन्ना' या शब्दासाठी मराठी बायबलमध्ये 'नरक' हा शब्द योजला गेला. पण मराठी माणसाचा नरक हा मुदतीचा तुरुंग आहे. भोग संपला की सुटका, मग पुन्हा कोणत्या तरी योनीत जन्म. आपल्याच भूम तालुक्याच्या बाजूला असलेल्या कुंथलगिरीच्या यात्रेकरूला विचारावे. जैनांच्या सात नरकांपैकी सर्वांत खालच्यात आयुष्याची कमाल मर्यादा तेहेतीस सागरोपम सांगितली आहे. ही संख्या मोजण्याच्या पलीकडची खरी. तरी ती संख्या आहे, तिला शेवट आहे. तेव्हा बाजारात उभा राहून प्रवचन करणारा गोरा पाद्री नरकाची भीती घाली, तेव्हा ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जे उभे राही ते त्याच्या मनातल्यापेक्षा पुष्कळच सौम्य असले पाहिजे. अपवाद एकच, मध्वाचार्यांचा. तेराव्या शतकातील या आचार्यांनी काही जीव 'तमोयोग्य' म्हणजे कायमच्या अंधकारासाठीच पात्र मानले. सोलापूर-कर्नाटकच्या बाजूने माध्व संप्रदायाची घराणी आपल्याकडेही आहेत. हे मत भारतीय परंपरेत इतके एकटे दिसते की त्याच्यामागे ख्रिस्ती प्रभाव असावा, अशी शंका काही पाश्चात्त्य पंडितांनी घेतली. ती टिकली नाही.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत या प्रश्नाने पुन्हा उचल खाल्ली. एडवर्ड व्हाइट या इंग्लिश धर्मोपदेशकाने विनाशवादाचा जोरदार पुरस्कार केला. एफ. डी. मॉरिस यांना 'सार्वकालिक' या शब्दाचा अर्थ निराळा लावल्याबद्दल १८५३ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजातील प्राध्यापकपद गमवावे लागले. १८७७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात एफ. डब्ल्यू. फॅरर यांनी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये प्रवचनांची मालिका करून अनंत यातनांचे मत उघडपणे नाकारले. फॅरर यांनी विनाशवादही स्वीकारला नाही. आशेला जागा आहे एवढेच ते म्हणत. हे फॅररही मुंबईत जन्मलेले. त्यांचे वडील नाशिकला मिशनरी होते. प्रवचने झाली तेव्हा मुंबई आणि मद्रास इलाख्यांत १८७६-७८ चा भीषण दुष्काळ चालू होता, हा योगायोग. मात्र नगरला तो योगायोग उरला नाही.

त्या दुष्काळात पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली असा अंदाज आहे. नगर आणि सोलापूर हे जिल्हे होरपळून निघाले. ह्यूम नगरला येऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. दुष्काळानंतरच्या काळात आसपासच्या गावांतून, विशेषतः महार आणि मांग समाजांतून, लोक मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाले. आता बोर्डाच्या रूढ मताप्रमाणे हिशेब मांडून पाहावा. ज्यांच्यापर्यंत मिशनरी पोहोचला ते तरले. ज्यांच्यापर्यंत तो पोहोचण्याआधी भूक पोहोचली, ते अनंत अग्नीत गेले. बाप्तिस्मा घेणाऱ्या माणसाला आपल्या मेलेल्या आईबापांविषयी विचारावेसे वाटणार, हे सांगायला धर्मशास्त्री लागत नाही. जो समाज भाद्रपदात पितरांना पाणी देतो, त्याच्यात हा प्रश्न पहिला असतो. त्याला काय सांगायचे?

अ‍ॅन्डोव्हरच्या प्राध्यापकांनी यावर एक गृहीतक मांडले होते. ज्यांना या जन्मी ख्रिस्त कळण्याची संधीच मिळाली नाही, त्यांना ती मृत्यूनंतर आणि अंतिम न्यायापूर्वी मिळत असावी. हा सिद्धान्त म्हणून शिकवावा असा आग्रह नव्हता. तो मनात बाळगणाऱ्याला अपात्र ठरवू नये, एवढीच मागणी होती. त्यावर विरोधकांनी जे उत्तर दिले ते अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने लक्षपूर्वक वाचण्यासारखे आहे. मेलेल्यांना पुढे संधी मिळणार असेल, तर मिशनची नसच कापली जाईल, असे ते म्हणाले. तरुण आपले घर सोडून परदेशी जाणार नाहीत, मंडळ्या वर्गणी देणार नाहीत. म्हणजे मत खरे की खोटे हा प्रश्न बाजूला पडला आणि ते मत मानले तर वर्गणीवर काय परिणाम होईल हा प्रश्न पुढे आला. प्रलोभनांचा विचार आम्हीही शिकवतो. पण वर्गणी आटेल म्हणून लाखो भुकेल्यांना आगीत ठेवावे, हा प्रलोभनाचा सिद्धान्त मी तरी कोणत्याही क्रमिक पुस्तकात वाचलेला नाही.

सनातन पक्षावर अन्याय होऊ नये म्हणून त्याचा बलवान युक्तिवादही नमूद करतो. मध्ययुगीन पंडितांचे म्हणणे असे की अपराधाचे वजन हे ज्याच्याविरुद्ध तो घडला त्याच्या थोरवीवरून ठरते; देव अनंत, म्हणून त्याच्याविरुद्धचा अपराधही अनंत. तर्क घट्ट आहे. पण थोडे थांबून पाहिले की ध्यानात येते, हा राजदरबाराचा न्याय आहे. पाटलाला शिवी दिली तर जबर दंड, महाराला दिली तर काहीच नाही, ही आपल्या गावगाड्याची रीत याच तत्त्वावर उभी होती. १७६४ मध्ये इटलीतील बेक्कारिया याने अपराध आणि शिक्षा यांत प्रमाण हवे हे प्रतिपादन केले, त्यानंतर जगातील कायदे हळूहळू या दरबारी न्यायापासून दूर गेले. प्रमाण गेले की शिक्षेचा उपयोगही जातो. कोंबडी चोरणाऱ्याला आणि खून करणाऱ्याला एकच फाशी असेल, तर चोर साक्षीदाराला मारून टाकील. शिवाय शिक्षेचा धाक तिच्या जबरीपेक्षा तिच्या खात्रीवर आणि तत्परतेवर अवलंबून असतो, हे बेंथमने सांगून ठेवले आहे. मरणानंतरच्या अनंत आगीच्या भीतीने कोणा सावकाराने व्याजाचा दर उतरविल्याचे ऐकिवात नाही.

या तराजूत विनाशवाद नि:संशय उजवा ठरतो. त्यात क्रौर्याला शेवट आहे. इंग्लंडमधील जॉन स्टॉट यांच्यासारख्या कडव्या बायबलनिष्ठ धर्मगुरूंनी १९८८ मध्ये, बिचकत का होईना, या मताकडे आपला कल सांगितला तेव्हा त्यांच्याच गोटात खळबळ उडाली. १९९५ मध्ये इंग्लंडच्या चर्चच्या सिद्धान्त-समितीनेही अनंत यातनांपेक्षा अभावाची कल्पना अधिक ग्राह्य मानली. महाराष्ट्रात हे मत अधिकृतपणे मानणारी मंडळी फार पूर्वीपासून आहेत. पुण्याच्या औंध भागातील स्पायसर ही शिक्षणसंस्था ज्यांची, ते सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट लोक आत्म्याचे स्वाभाविक अमरत्व मानीत नाहीत आणि म्हणून अनंत नरकही मानीत नाहीत.

तरीही मला विनाशवाद अर्धाच पटतो. त्याने देवाचा क्रूरपणा कमी केला, पण नगरच्या त्या प्रश्नाला हात घातला नाही. आईबाप आगीत नाहीत. मग कोठे आहेत? कोठेच नाहीत. दुष्काळात पोर गमावलेल्या किंवा पोरका झालेल्या माणसाला हे उत्तर फार मोठा दिलासा देणारे नाही. दुसरी अडचण त्याहून गंभीर आहे. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनाही काही म्हणायचे असते. गावकुसाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावाचून ठेवलेल्या माणसाला, पाणी नाकारणाऱ्याचा दिवा एके दिवशी शांतपणे विझला हे पुरेसे वाटेल काय? नरकाची कल्पना केवळ पुरोहितांच्या धाकातून आली असे समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. ती पीडितांच्या हिशेबातूनही आलेली आहे. हिशेब हवा, या मागणीत काही गैर नाही. गैर आहे ते हिशेब कधीही न मिटविण्यात.

येथवर वाचून आपलीच परंपरा बरी, असा समाधानाचा सुस्कारा कोणी टाकणार असेल तर त्याला थांबविले पाहिजे. मुदतीचा नरक अनंत नरकापेक्षा सौम्य, हे कबूल. पण त्या मुदतीची किंमत आपण निराळ्या रीतीने वसूल केली. पाद्री पोरक्या मुलाला सांगे की तुझे आईबाप पुढे आगीत आहेत. आपला पंडित सांगे की ते भुकेने मेले हे त्यांच्या मागील जन्माचे फळ. एकाने मेलेल्याला मरणोत्तर अपराधी केले, दुसऱ्याने जन्मापूर्वीच. दोघांपैकी कोणीही लॉर्ड लिटनच्या धान्यनीतीला अपराधी केले नाही, आणि त्याच दुष्काळात हिंदुस्थानातून परदेशी गेलेल्या गव्हाच्या पोत्यांना तर नाहीच नाही.

हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात संपला असता तर मी तो येथे उकरून काढला नसता. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांत आपल्या जिल्ह्याचे नाव गेली अनेक वर्षे येत आले आहे. ज्यांच्या घरी असा प्रसंग घडला आहे अशी मुले आपल्या शाळा-महाविद्यालयांत बसतात. त्यांना शिकविणारे शिक्षक हा लेख वाचीत असतील. अशा घरी दहाव्या-बाराव्या दिवशी जमलेल्या माणसांत एखादा तरी वडीलधारा निघतो, जो म्हणतो की आत्महत्या करणाऱ्याला गती नाही. हे तो दुष्टपणे म्हणत नाही. लहानपणापासून ऐकले ते म्हणतो. ऐकणारा तेरा-चौदा वर्षांचा मुलगा मात्र ते वाक्य घेऊन झोपतो. बँकेचे कर्ज, खाजगी सावकाराचे कर्ज, पावसाने दोनदा दिलेली हूल, सोयाबीनचा पडलेला भाव, हे सगळे त्या एका वाक्यात नाहीसे होते आणि उरतो तो फक्त बापाचा अपराध.

रोमन कॅथलिक चर्चचे येथे उदाहरण घेण्यासारखे आहे. १९१७ च्या धर्मसंहितेत, जाणूनबुजून जीव देणाऱ्याला धार्मिक अंत्यविधी नाकारण्याचे कलम होते. १९८३ च्या नव्या संहितेतून ते गळाले. १९९२ च्या अधिकृत धर्मशिक्षण-ग्रंथात तर, अशा माणसांच्या तारणाविषयी निराश होऊ नये, असे स्पष्ट सांगितले. नरकाचा सिद्धान्त त्या चर्चने सोडलेला नाही. पण अमुक एक माणूस तेथे आहे असे सांगण्याचा अधिकार मात्र स्वतःकडे ठेवलेला नाही. आपल्याकडे अशी कोणती संहिता नाही, त्यामुळे तिच्यातून कलम गाळण्याची सोयही नाही. ते घरोघरच बदलावे लागेल, आणि घरात शिकलेले माणूस असेल तर त्याने त्या दिवशी गप्प राहू नये.

पुन्हा मत्तयाच्या त्या अध्यायाकडे येतो. शतकानुशतके पंडित 'सार्वकालिक' या विशेषणावर भांडले, पण त्या प्रसंगातील आरोपपत्र फारसे कोणी वाचून दाखविले नाही. तेथे न्यायासनापुढे उभ्या असलेल्यांना त्यांची श्रद्धा विचारलेली नाही, बाप्तिस्मा विचारलेला नाही. भुकेल्याला अन्न दिले का, तान्हेल्याला पाणी दिले का, परक्याला घरात घेतले का, उघड्याला वस्त्र दिले का, आजाऱ्याची आणि बंदिवानाची विचारपूस केली का, एवढेच प्रश्न आहेत. १८७७ सालच्या दुष्काळात हे आरोपपत्र वाचले असते तर आरोपीच्या पिंजऱ्यात नगर-सोलापूरचे भुकेले दिसले नसते. धान्याची कोठारे ज्यांच्या ताब्यात होती ते दिसले असते. डी मॉइनच्या सभेत मेलेल्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही, माझ्या समजुतीप्रमाणे, या बाजूचा पुरेसा उपयोग केला नाही. ते मेलेल्यांसाठी दया मागत होते. खरे तर त्या मेलेल्यांवर खटलाच उभा राहत नव्हता.

बोर्डाने अखेर १८८७ मध्ये ह्यूम यांना परतण्याची परवानगी दिली. अ‍ॅन्डोव्हरच्या प्राध्यापकांवरील पाखंडाचा खटला पुढे काही वर्षे रेंगाळला. ज्या एकावर, एग्बर्ट स्मिथ यांच्यावर, दोष ठेवला गेला, त्यांच्याविरुद्धचा तो निर्णय मॅसॅच्युसेट्‌सच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९१ मध्ये रद्द केला. मेलेल्यांना संधी मिळते असे मानणाऱ्यांमुळे मिशनची नस कापली गेली नाही. वर्गणीही बंद पडली नाही. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक पुढे नगरलाच राहिले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यानंतर काही वर्षे हिंदूच होत्या. एकाच कुटुंबात पती तरलेला आणि पत्नी बुडालेली, असे जुन्या मताप्रमाणे त्या काळात म्हणावे लागले असते.

आणि मग १८९९-१९०० चा दुष्काळ आला. नगरच्या मिशनकडे पोरक्या मुलांचे तांडे येऊ लागले. ह्यूम यांनी त्या काळात अन्नाची, कामाची आणि निवाऱ्याची जी व्यवस्था उभी केली, तिच्याबद्दल १९०१ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. त्या मुलांपैकी कित्येकांचे आईबाप वाटेतच मेले होते, बाप्तिस्म्यावाचून. त्यांच्याविषयी मुलांनी विचारले, तर ते आगीत आहेत असे सांगण्याचे बंधन ह्यूम यांच्यावर तेव्हा उरलेले नव्हते.